रोख की हप्ता? फोन घेण्याआधी बसून करायचा हिशेब



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक पावरा गृहस्थ आमच्या वसतिगृहावर आले. त्यांची मुलगी आमच्याकडेच राहून बारावी झाली आणि तिला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. घराण्यात इतके शिकलेली ती पहिलीच. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे नुकतेच हाती आले होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. तालुक्याच्या दुकानातली जाहिरात होती ती: किंमत 12,000 रुपये, फक्त 3,000 भरा, बाकी 1,000 रुपये महिना, व्याज शून्य टक्के.

"ताई, रोख घेऊ की हप्त्याने?" त्यांनी विचारले.

तीन वर्षांपूर्वी कोणी मला हे विचारले असते, तर मी उभ्या उभ्याच उत्तर दिले असते. या वेळी मी म्हटले, "भाऊ, बसा. चहा घ्या. आपण आधी हिशेब करू." तो हिशेब मी या अंकात आपल्यापुढे मांडत आहे. आपल्या मंडळीतही अनेक घरांत हाच प्रश्न येतो. ज्या पाड्यांसाठी आपण दान देता तिथे तर तो दर हंगामाला येतो.

फोन आता चैन राहिलेला नाही

काही वाचक विचारतील, गरिबाला मोठा फोन हवाच कशाला? मीही पूर्वी असे म्हणत असे. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि ओटीपी मोबाइलवर येतो. पीएम-किसानची ई-केवायसी ओटीपीने करायची तर आधारला नंबर जोडलेला हवा. परीक्षेचे वेळापत्रक, वर्गाच्या सूचना, शिक्षकांनी पाठवलेल्या नोंदी, सगळे व्हॉट्सॲपवर. पाड्यापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलीला आईचा आवाज ऐकायलाही तोच.

म्हणून "फोन घेऊच नका" हा सल्ला आता खरा नाही. फोन घ्यायचाच आहे. प्रश्न आहे तो कसा घ्यायचा, आणि केवढ्याचा.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी वसतिगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलाबरोबर मी स्वतः दुकानात गेले होते. त्याला महिन्याला हजाराचा हप्ता बसत होता. मी त्याला म्हटले, "हजार म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपये. एवढे तर तू सहज कमावशील." बँक खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची संमती त्याने दिली आणि फोन घेऊन तो आनंदाने घरी गेला.

दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला. ऊसतोडीचा पैसा कसा मिळतो हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मुकादम आधी उचल देतो, ती घरखर्चात संपते, मग हंगामभर काम करून ती फेडायची. खर्चीला थोडे मिळते. खरा हिशेब हंगाम संपल्यावर. म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत त्याच्या खात्यात काहीच नव्हते. हप्ता कापायला गेला की परत फिरे. दर वेळी कर्ज देणाऱ्यांचा दंड वेगळा आणि बँकेचा वेगळा. जानेवारीच्या अखेरीस फोन एके दिवशी उघडेनासा झाला. हप्ता थकला तर फोन बंद करणारे ॲप त्यात विकतानाच टाकलेले होते. त्या कागदावर त्याची सही होती. मी शेजारी उभी होते, पण तो कागद मी वाचला नव्हता.

बंद पडलेला फोन त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला, सिमकार्डासकट. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकावे हे त्याला कोणी सांगितले नाही. सिम 90 दिवस काहीच वापरले नाही आणि रिचार्जही केला नाही, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. त्याचाही झाला. जुलैत आयटीआयचा अर्ज भरायला बसला तेव्हा ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जाऊ लागला. आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडेपर्यंत फेरीची तारीख निघून गेली. वर्ष वाया गेले.

त्याने मला कधी दोष दिला नाही. पण "दिवसाचे तेहतीस रुपये" हे माझे शब्द मला आजही आठवतात. दिवसाचे तेहतीस रुपये त्याच्याकडे होते, पण ते हप्त्याच्या तारखेला खात्यात नव्हते.

शून्य टक्के म्हणजे किती?

आता पावरा भाऊंच्या कागदाकडे वळू. मी दुकानात फोन करून दोन गोष्टी विचारल्या. पहिली: रोख दिले तर शेवटचा भाव काय? उत्तर आले, 11,500. दुसरी: हप्त्याने घेतला तर पहिल्या दिवशी एकूण किती द्यावे लागतील? तेव्हा एकेक आकडा बाहेर आला.

पहिला भरणा: 3,000 रुपये
प्रक्रिया शुल्क 400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी: 472 रुपये
फोनचा विमा: 650 रुपये
नंतर 9 हप्ते, प्रत्येकी 1,000: 9,000 रुपये
एकूण: 13,122 रुपये

रोखीचा भाव 11,500. म्हणजे 1,622 रुपये जास्त. भाऊ म्हणाले, "एवढे काही जास्त नाही." मीही पूर्वी असेच म्हटले असते. पण हे 1,622 रुपये नेमके किती पैशांवर गेले ते पाहू. पहिल्या दिवशी आपण 4,122 रुपये भरून टाकले. रोखीच्या भावातून ते वजा केले तर खरे कर्ज उरते 7,378 रुपयांचे, आणि फेडायचे 9,000. शिवाय दर महिन्याला कर्ज कमी होत जाते, तरी वरची रक्कम तीच. हिशेब केला तर व्याज महिन्याला शेकडा चार रुपयांच्या थोडे वर जाते, म्हणजे वर्षाला जवळपास 50 टक्के. विमा बाजूला काढला तर ते पुष्कळ उतरते, पण शून्यावर काही येत नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते व्याज शुल्काच्या किंवा न दिलेल्या सवलतीच्या रूपात ग्राहकाकडूनच घेतले जाते. म्हणून जाहिरातीतला टक्का पाहू नका. दोनच आकडे विचारा: रोखीचा शेवटचा भाव, आणि हप्त्याने शेवटपर्यंत जाणारी एकूण रक्कम. दुसऱ्यातून पहिला वजा करा. जे उरेल ते व्याज, त्याला दुकानदार काहीही नाव देवो.

महिना आणि हंगाम

पण व्याजापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, आणि या पाठात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच. मी वहीच्या पानावर बारा चौकोन आखले आणि भाऊंना म्हटले, ज्या महिन्यात घरात पैसा येतो तिथे फुली मारा.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी: कापूस. तीन फुल्या. फेब्रुवारीत यावल-रावेरकडे केळीच्या बागांत मजुरी मिळते, तिथे एक. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, तिथे त्यांनी अर्धी अर्धी फुली मारली. मे महिन्यात पेन्सिल थांबली. जूनमध्ये ते हसले आणि म्हणाले, "इथे तर पैसा जातो." बियाणे आणि खत. जुलै-ऑगस्टमध्ये निंदणीची थोडी मजुरी, ती घरातल्या पिठामिठाला.

मग मी डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत नऊ हप्त्यांचे नऊ गोल काढले. पहिले तीन गोल फुलीवर बसले. दोन अर्ध्या फुलीवर. उरलेले चार रिकाम्या चौकोनांत. भाऊ बराच वेळ पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, कापूस काही महिन्याच्या महिन्याला पिकत नाही."

हप्त्याची पद्धत महिन्याला पगार घेणाऱ्यासाठी बनली आहे. आपल्या पाड्यांवर पैसा हंगामाला येतो. हप्ता लहान आहे की मोठा, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे: हा हप्ता कोणत्या महिन्याच्या कोणत्या पैशातून जाईल?

काही घरांत आता लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये आईच्या खात्यात येतात. दुकानात सांगतातही, "त्यातूनच जाईल हप्ता." पण ते पैसे दर महिन्याला एकाच तारखेला येत नाहीत, आणि हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच कापला जातो. चार दिवसांचा फरक पडला तरी दंड लागतो. म्हणून ज्या खात्यात शिष्यवृत्ती किंवा योजनेचे पैसे येतात, त्या खात्यावर हप्ता कापण्याची संमती शक्यतो देऊ नये. मुलीचे शिष्यवृत्तीचे पैसे फोनच्या दंडात जाणे हे फार दुःखाचे आहे.

फोन आणि बोलणे एकाच करारात

आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना माहीत असेल, तिकडे अनेक जण फोन आणि त्यावरचे बोलणे दोन वर्षांच्या एकाच करारात घेतात. आपल्याकडे बहुतेक जण आधी रिचार्ज करून वापरतात, म्हणून असा करार कमी. पण तोही येऊन गेला आहे. जुलै 2017 मध्ये जिओफोन जाहीर झाला, तेव्हा 1,500 रुपये अनामत ठेवून फोन घ्यायचा आणि तीन वर्षांनी फोन देऊन अनामत परत घ्यायची, अशी योजना होती. नोव्हेंबर 2021 मध्ये जिओफोन नेक्स्ट आला. तो रोख 6,499 रुपयांना होता, किंवा 1,999 रुपये आणि 501 रुपये प्रक्रिया शुल्क भरून 18 वा 24 हप्त्यांत. हप्त्यातच बोलणे आणि इंटरनेट धरलेले होते.

त्यातला सर्वांत लहान हप्ता घ्या: 300 रुपये, 24 महिने. एकूण 9,700. रोखीपेक्षा 3,201 जास्त, म्हणजे महिन्याला सुमारे 133 रुपये. त्या बदल्यात महिन्याला 5 जीबी इंटरनेट आणि 100 मिनिटे बोलणे मिळे. ज्याला तेवढेच पुरते आणि ज्याची मिळकत महिन्याची आहे, त्याला हा सौदा वाईट नव्हता. व्हिडिओवर धडे पाहणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र 5 जीबी पुरणार नाही, आणि दोन वर्षे म्हणजे कापसाचे दोन हंगाम आणि दोन कोरडे उन्हाळे. करार चांगला की वाईट हे तो कोणासाठी आहे यावर ठरते.

फोन रोख घेतला तरी रिचार्जचा खर्च राहतोच. "महिन्याचा" म्हणून मिळणारा रिचार्ज बहुधा 28 दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 रिचार्ज. हा तेरावा महिना हिशेबात धरा.

हप्ता घ्यायचाच असेल तर

हप्ता नेहमीच वाईट असे मी म्हणत नाही. आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंनी सहा हप्त्यांत फोन घेतला आणि एकही हप्ता चुकवला नाही, कारण त्यांचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला होतो. वेळेवर फेडलेल्या कर्जाची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे चांगली होते, पुढे घरासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज घेताना ती उपयोगी पडते. थकलेल्या हप्त्याचीही नोंद होते, तीही पुढे आडवी येते.

सही करण्याआधी एवढे करा:

1. केएफएस मागा. कर्जाची मुख्य माहिती देणारे हे विवरणपत्र 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने अशा सर्व नव्या किरकोळ कर्जांना लागू केले आहे. त्यात सर्व शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. त्यात न लिहिलेले शुल्क आपल्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही.
2. विमा किंवा कार्ड नको असेल तर आधीच "नको" म्हणा.
3. हप्ता थकला तर फोन बंद होतो का, हे विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.
4. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. धमकी आल्यास तक्रार आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी करावी. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार कशी करायची, हे 14448 या क्रमांकावर सांगतात.
5. फोन बंद पडला तरी सिम चालू ठेवा. घरात एक साधा बटणाचा फोन असू द्या. मार्च 2022 पासून यूपीआय 123पे या सोयीने साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात.

रोख आणि हप्ता यांच्या मधली वाट

भाऊंच्या घरी दुसरी एक वाट होती, जी त्यांना दिसली नव्हती: त्यांच्या पत्नीचा बचत गट. गट महिन्याला शेकडा दोन रुपयांनी कर्ज देतो. त्याच फोनसाठी 3,000 रुपये घरचे घालून 8,500 गटाचे घेतले आणि नऊ समान भागांत फेडले, तर व्याज होते 850 रुपये. शिवाय ते व्याज बाहेर न जाता गटातल्या बायकांचेच राहते. आणि कर्ज कधी फेडायचे हे गटाच्या बैठकीत ठरवता येते.

तिसरी वाट जुन्या फोनची. तो घेताना *#06# दाबून पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक पाहावा आणि इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर कळते. बिल मागावे, आणि फोनवर कोणाचा हप्ता बाकी नाही ना, हेही विचारावे.

त्या बापाने काय केले

दुसऱ्या आठवड्यात ते दोघे नवराबायको आले. ठरवूनच आले होते. 12,000 चा फोन सोडून त्यांनी साधा, नवा, 8,000 रुपयांचा फोन रोख घेतला. 5,000 कापसाचे आणि 3,000 गटाचे. फेड दोन वेळा: 1,500 शेवटच्या वेचणीनंतर जानेवारीत, 1,500 मोहाच्या फुलांनंतर एप्रिलमध्ये. व्याज धरले होते 210 रुपये. या वर्षी मोह कमी आला आणि दुसरा भाग मे महिन्यात गेला. गटाने आणखी 30 रुपये घेतले. फोन बंद झाला नाही.

मुलगी अधूनमधून तक्रार करते की फोन लहान आहे, जागा भरते, धड्यांचे व्हिडिओ पुसावे लागतात. तिची तक्रार खरी आहे. पण पहिल्या परीक्षेचे वेळापत्रक तिला वेळेवर मिळाले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी तिच्याच हातात आला. त्या आयटीआयच्या मुलालाही पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. आता सुटीत पाड्यावर आला की तोच इतरांना वहीवर बारा चौकोन आखून देतो.

आपण काय करू शकतो

मंडळीतील काही बंधुभगिनी प्रेमाने म्हणतात, "एखाद्या मुलाचा पहिला भरणा आम्ही देतो." कृपया तसे करू नका. पहिला भरणा दिला की पुढचे नऊ हप्ते त्याच्या गळ्यात पडतात. त्याऐवजी फोनसाठी पूर्ण रक्कम द्या, किंवा आपला जुना फोन द्या. देण्याआधी त्यातील आपले खाते काढून टाका आणि मग फोन पूर्ण कोरा करा. मागे आलेल्या पाच फोनांपैकी दोन मूळ मालकाचा पासवर्ड मागत राहिले आणि कपाटातच पडून आहेत. चार्जरही सोबत द्यावा.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी त्या दिवशी दुकानात उभी राहिले, बसले नाही. आपण बसावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घराचे बारा चौकोन आखा. कोणत्या महिन्यांत फुली नाही?
2. आपल्या घरातील शेवटची हप्त्याची वस्तू आठवा. रोखीच्या भावापेक्षा तिला किती जास्त गेले?
3. आपल्या गटाचे किंवा मंडळीचे असे कर्ज देता येईल का, ज्याची फेड हंगामानुसार ठरवता येईल?
4. आपल्या शेजारी असे कोणी आहे का, ज्याचा फोन बंद पडून नंबर मरणार आहे? त्याला या आठवड्यात भेटा.